एनबीएचा पहिला सामना अरीनात पाहताना

अमेरिकेत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने आलेला मराठी माणूस एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा सामना पाहायला जातो, तेव्हा प्रेक्षक म्हणून त्याच्या गाठीला क्रिकेटचा अनुभव असतो आणि तो इथे अर्धाच उपयोगी पडतो. वानखेडेवर गोलंदाज धावत येऊ लागला की टाळ्यांचा ठेका धरला जातो हे खरे, परंतु तिथला मोठा जल्लोष उठतो तो चेंडू सीमापार गेल्यावर किंवा गडी बाद झाल्यावर, म्हणजे काही घडून गेल्यानंतर. बास्केटबॉलमध्ये प्रेक्षकांचे मुख्य काम काही घडण्याच्या आधीचे असते. चेंडू पाहुण्या संघाकडे असताना शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येऊ नये इतका आवाज करायचा आणि आपला खेळाडू फ्री थ्रो, म्हणजे नियमभंगाच्या भरपाईचा मोकळा प्रयत्न, घेण्यासाठी रेषेवर उभा राहिला की एकदम शांत व्हायचे, असा इथला रिवाज आहे. तो ठाऊक नसेल तर झगमगाट पाहून परत येता येते. ठाऊक असेल तर सामन्यात भाग घेता येतो. पुढील माहिती त्याच दृष्टीने, सामना निवडण्यापासून घरी परतण्यापर्यंतच्या क्रमाने, दिली आहे.

सामना कोणता निवडावा

एनबीएत ३० संघ आहेत. नियमित हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो आणि त्यात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. त्यांपैकी साधारण निम्मे त्याच्या स्वतःच्या अरीनात, म्हणजे बंदिस्त क्रीडागृहात, होतात. वेळापत्रक बहुधा ऑगस्टमध्ये जाहीर होते. एप्रिलच्या मध्यानंतर सात सामन्यांच्या मालिकांची बाद फेरी, म्हणजे प्लेऑफ, सुरू होते आणि ती जूनपर्यंत चालते.

नवखा प्रेक्षक सहसा लॉस एंजेलिस लेकर्ससारखा नामवंत संघ आपल्या शहरात कधी येणार हे शोधतो आणि त्याच सामन्याचे तिकीट घेऊ पाहतो. त्या दिवशी दर सर्वांत चढे असतात आणि प्रेक्षागृहातील बरीच मंडळी पाहुण्या संघाची असतात, त्यामुळे आवाजाची दिशा गोंधळलेली असते. पहिल्या अनुभवासाठी माझी पसंती शेजारच्या शहराच्या संघाविरुद्धच्या, शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी होणाऱ्या सामन्याला राहील. खर्च कमी ठेवायचा असेल तर सोमवार ते बुधवारमधला, फारशी चर्चा नसलेल्या संघाविरुद्धचा सामना घ्यावा. मात्र तेव्हा गर्दीकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

इथे गर्दीच्या आकड्यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. २०२३-२४ च्या हंगामात एनबीएच्या सामन्यांना एकूण सुमारे २ कोटी २५ लाख प्रेक्षकांची नोंद झाली, म्हणजे सामन्यामागे सरासरी १८,३०० हून थोडे अधिक, आणि उपलब्ध जागांपैकी सुमारे ९८ टक्के भरल्याचे सांगण्यात आले. डॅलस मॅव्हरिक्सच्या घरच्या सामन्यांची सर्व तिकिटे संपण्याची परंपरा तर डिसेंबर २००१ पासून दोन दशकांहून अधिक काळ चालत आली. परंतु जाहीर होणारा आकडा गेलेल्या तिकिटांचा असतो, प्रत्यक्ष येऊन बसलेल्या माणसांचा नसतो. जानेवारीतील एखाद्या मंगळवारी कागदोपत्री भरलेल्या अरीनात खालच्या महागड्या रांगा पहिल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या पहिल्या पाव भागात, ओस दिसतात, कारण त्या जागा कंपन्यांच्या नावावर असतात आणि पाहुणेमंडळी अजून उपाहारगृहात असतात. उलट, मोठा आकडा म्हणजे रंगलेला सामना असेही नव्हे. नियमित हंगामातील सर्वाधिक गर्दीचा विक्रम १३ जानेवारी २०२३ रोजी सॅन अँटोनियोच्या अलामोडोम या अवाढव्य बंदिस्त स्टेडियममध्ये झाला. तिथे जमलेल्या ६८,३२३ प्रेक्षकांनी आपल्या स्पर्स संघाला गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून ३१ गुणांनी हरताना पाहिले.

निवडीपूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी. वेळापत्रकात संघ लागोपाठ दोन दिवस खेळणार असेल, तर दुसऱ्या दिवशी वयस्क किंवा दुखापतीतून सावरणाऱ्या खेळाडूला विश्रांती दिली जाण्याची शक्यता बरीच असते. विशिष्ट खेळाडूला पाहण्यासाठीच जायचे असेल तर अशा दिवसाचे तिकीट आधीपासून घेऊ नये. संघांना जखमी आणि अनुपलब्ध खेळाडूंची यादी जाहीर करावी लागते. ती सामन्याच्या दिवशी दुपारी पाहून मग तिकीट घेणे शहाणपणाचे, कारण खेळाडू आला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत.

तिकीट आणि जागा

तिकिटे संघाच्या अधिकृत विक्रेत्याकडे मिळतात आणि पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवरही मिळतात. पुनर्विक्रीचे दर मागणीप्रमाणे दिवसभर हलत राहतात आणि साध्या सामन्यांच्या बाबतीत खेळ सुरू होण्याची वेळ जवळ येते तसे बहुधा उतरतात. प्लेऑफला मात्र या आशेवर थांबू नये. पूर्वी निवड करताना एक दर दिसायचा आणि पैसे भरताना त्यावर निरनिराळी शुल्के चढायची. मे २०२५ पासून लागू झालेल्या अमेरिकी संघराज्याच्या नियमाप्रमाणे शुल्कांसह एकूण किंमत सुरुवातीलाच दाखवणे विक्रेत्यांना बंधनकारक आहे, त्यामुळे दोन संकेतस्थळांची तुलना आता सोपी झाली आहे. तिकीट फोनमध्येच येते. बऱ्याच ठिकाणी त्यावरील बारकोड सतत बदलत असल्याने स्क्रीनशॉट चालत नाही. कुटुंबातील मंडळी वेगवेगळी येणार असतील तर ज्याचे तिकीट त्याच्या फोनवर आधीच पाठवून ठेवावे. लहान मुलाला कोणत्या वयापासून स्वतंत्र तिकीट लागते हे अरीनाच्या संकेतस्थळावर पाहावे, कारण हा नियम सगळीकडे सारखा नाही.

जागेच्या बाबतीत बहुतेक अरीनांमध्ये शंभराच्या क्रमांकाचे विभाग खालच्या मजल्यावर आणि दोनशे-तीनशेचे वर असतात. कोर्ट ९४ फूट लांब आणि ५० फूट रुंद, म्हणजे क्रिकेटच्या मैदानाच्या मानाने अगदी लहान असल्यामुळे वरच्या मजल्यावरूनही खेळ नीट दिसतो. किंबहुना कोण कुठे धावतो आणि मोकळी जागा कशी तयार होते हे तिथूनच जास्त समजते. खाली मध्यरेषेजवळच्या जागा सर्वांत महाग. त्याऐवजी खालच्या मजल्याच्या कोपऱ्यातील, दहाव्या ते विसाव्या रांगेच्या दरम्यानची जागा पैशाच्या मानाने चांगली पडते. बास्केटच्या थेट मागे बसल्यास पलीकडच्या टोकाचा खेळ कळायला जड जातो, पण हाफटाइमनंतर संघ बाजू बदलत असल्यामुळे दोन्ही संघांचे आक्रमण अर्धा अर्धा वेळ अगदी अंगावर आल्यासारखे दिसते, आणि फ्री थ्रोच्या वेळी आपण थेट त्या प्रसंगात असतो.

ज्यांना आवाज अनुभवायचा आहे त्यांनी स्वस्त जागेबद्दल खंत करू नये. महाग रांगांतील प्रेक्षक कामाच्या गप्पा मारत असतात. घसा फोडणारी मंडळी वर असतात. ओक्लाहोमा सिटी थंडरच्या अरीनात वरच्या मजल्याला ‘लाउड सिटी’ असे नावच आहे. लॉस एंजेलिस क्लिपर्सने तर २०२४ मध्ये उघडलेल्या इंट्युइट डोममध्ये एका बास्केटच्या मागे सलग ५१ रांगांची उभी चढण बांधली; मध्ये कुठेही आलिशान कक्ष नाहीत की मजल्यांची फोड नाही. ‘द वॉल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या विभागात पाहुण्या संघाची जर्सी घालून बसता येत नाही, हे तिकीट घेण्यापूर्वी लक्षात ठेवावे. इतरत्र अशी बंदी सहसा नसते, थोडी चेष्टा सहन करावी लागते इतकेच.

निघताना

पिशव्यांच्या आकारावर प्रत्येक अरीनाची मर्यादा असते आणि ती काटेकोरपणे पाळली जाते. लॅपटॉपची पाठपिशवी घेऊन कार्यालयातून परस्पर गेल्यास दारातून परत फिरावे लागण्याची शक्यता असते. घरून नेलेला डबा आत नेता येत नाही. तान्ह्या बाळाचे खाणे आणि औषधे यांना बहुधा मुभा असते. बहुतेक ठिकाणी आत रोख पैसे चालत नाहीत. फोन पूर्ण चार्ज केलेला असावा. हंगाम हिवाळ्याचा असल्याने बाहेर कडाक्याची थंडी आणि आत १८ हजार माणसांची ऊब असा प्रकार असतो. जाड कोट मांडीवर घेऊन बसण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे कपडे बरे.

वाहनतळाचे दर काही वेळा तिकिटाइतके होतात, म्हणून सार्वजनिक वाहतूक प्रथम पाहावी. न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे पेन स्टेशनच्या माथ्यावरच उभे आहे, त्यामुळे न्यू जर्सीतील एडिसन आणि आसपासच्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना न्यू जर्सी ट्रान्झिटच्या गाडीतून उतरून थेट वर जाता येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या चेस सेंटरमध्ये सामन्याचे तिकीटच त्या दिवसाचे म्युनीचे, म्हणजे शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचे, तिकीट म्हणून चालते.

दारापासून पहिल्या चेंडूपर्यंत

दारे साधारणपणे तास-दीड तास आधी उघडतात आणि शक्य असेल तर तेव्हाच आत जावे. खेळाडूंचा सराव तिकिटाच्या किमतीत येतो आणि त्या वेळी खालच्या मजल्यावर बऱ्याच ठिकाणी कोर्टाजवळ जाऊन उभे राहू देतात. स्टीफन करीचा सराव पाहण्यासाठी वॉरियर्सच्या सामन्यांना माणसे मुद्दाम लवकर येतात, आणि हे केवळ त्याच्या घरच्या अरीनात होते असे नाही. तो पाहुणा म्हणून जातो तिथेही होते. दोन चेंडू एकाच वेळी दोन हातांनी टप्प्यावर खेळवण्यापासून तो सुरुवात करतो आणि हळूहळू कोर्टाच्या मध्यापर्यंत मागे सरकत बास्केट करत जातो.

खेळापूर्वी राष्ट्रगीत होते. तेव्हा उभे राहावे, टोपी काढावी आणि जिन्यात असल्यास तिथेच थांबावे. टोरांटोत कॅनडाचे आणि अमेरिकेचे अशी दोन्ही राष्ट्रगीते होतात. त्यानंतर पाहुण्या संघाच्या पाच खेळाडूंची नावे निवेदक जणू किराणामालाची यादी वाचावी तशी वाचतो. मग दिवे मालवले जातात आणि घरच्या पाच जणांची नावे तो अशी ताणून उच्चारतो की आडनाव संपेपर्यंत खेळाडू कोर्टावर पोहोचलेला असतो. हा प्रसंग चुकवू नये, म्हणून खाण्याच्या रांगेत तेव्हा उभे राहू नये.

ओक्लाहोमा सिटीमध्ये खेळ सुरू झाल्यावरही कोणी बसत नाही: आपल्या संघाची पहिली बास्केट होईपर्यंत सर्वांनी उभे राहायचे अशी तिथली रीत आहे. एखाद्या दिवशी पहिले चार-पाच प्रयत्न फसले तर उभे राहण्याचा काळ लांबतो आणि आवाज वाढत जातो. इतर शहरांतील रिवाज आजूबाजूला पाहून ओळखावेत. शेजारची मंडळी उठली की उठावे, बसली की बसावे.

कधी ओरडावे, कधी गप्प बसावे

एनबीएमध्ये बारा मिनिटांचे चार क्वार्टर असतात. चेंडू ताब्यात आल्यावर संघाला २४ सेकंदांच्या आत बास्केटकडे प्रयत्न करावा लागतो. हा नियम १९५४ पासून आहे. या २४ सेकंदांच्या घड्याळाला शॉट क्लॉक म्हणतात आणि ते बास्केटच्या वर दिसते. नवख्या प्रेक्षकाने सुरुवातीला चेंडूपेक्षा या घड्याळाकडे अधिक लक्ष द्यावे असे मी सुचवेन, कारण गर्दीचा सारा ताल त्यावर चालतो.

पाहुण्या संघाने चेंडू घेऊन कोर्टाचा मध्य ओलांडला की ‘डी... फेन्स’ असा पुकारा सुरू होतो आणि त्यामागे दोन ठोके येतात, टाळ्यांचे किंवा पायांचे. या पुकाऱ्याचा उगम १९५० च्या दशकातील न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चाहत्यांकडे सांगितला जातो. घड्याळ दहाच्या खाली गेले की आवाज चढवायचा आणि पाचच्या खाली आले की उभे राहायचे. यामागे निव्वळ उत्साह नाही. आक्रमण करणारे पाच जण हाक मारून एकमेकांना चाल सांगत असतात, प्रशिक्षक कडेवरून सूचना देत असतो आणि गर्दीच्या आवाजात त्या पोहोचल्या नाहीत की चेंडू चुकीच्या जागी जातो किंवा घड्याळ संपत आले असता घाईचा प्रयत्न होतो. म्हणूनच पाहुण्या संघाचा चेंडू खेळवणारा खेळाडू पुष्कळदा बोटांनी खुणा करताना दिसतो. आपल्या संघाकडे चेंडू आला की आवाज उतरवावा, म्हणजे आपल्याच खेळाडूंचे बोलणे बुडत नाही. ध्वनिक्षेपकावर त्या वेळी संगीत वाजत असले तरी पुकारा थांबलेला असतो.

फ्री थ्रो हा प्रेक्षकांच्या कौशल्याचा खरा प्रसंग. नियमभंगाची भरपाई म्हणून बास्केटच्या फळीपासून पंधरा फुटांवरील रेषेवरून, कोणीही अडवत नसताना, चेंडू टाकायला मिळतो आणि त्यासाठी दहा सेकंदांची मुदत असते. फळी काचेची असल्यामुळे टाकणाऱ्याला तिच्या आरपार मागची गर्दी दिसते. पाहुणा खेळाडू रेषेवर आला की मागचे लोक हात, फुगवलेल्या नळ्या आणि मोठाली चित्रे हलवू लागतात. २०२१ च्या प्लेऑफमध्ये मिलवॉकी बक्सचा यानिस अँटेटोकुंपो फार वेळ घेतो हे हेरून प्रतिस्पर्धी शहरांतील हजारो प्रेक्षक त्याच्या प्रत्येक फ्री थ्रोला एक ते दहा अंक मोठ्याने मोजू लागले. त्याचा परिणाम झालाही. पण अंतिम मालिकेचा सहावा सामना मिलवॉकीत, त्याच्या घरच्या गर्दीपुढे झाला, तेव्हा त्याने १९ पैकी १७ फ्री थ्रो यशस्वी केले, ५० गुण केले आणि विजेतेपद मिळवले. त्या रात्री अरीनाबाहेरच्या चौकांत मोठ्या पडद्यांवर सामना पाहणाऱ्यांची संख्या सुमारे ६५ हजार होती. आतल्यापेक्षा कितीतरी अधिक.

आपला खेळाडू रेषेवर असताना मात्र संपूर्ण शांतता ठेवावी. नवखा माणूस उत्साहाने त्याच्या नावाचा गजर करतो आणि आजूबाजूच्या माना वळतात. याला एकच अपवाद आहे: तो खेळाडू हंगामातील सर्वोत्तम ठरण्याच्या शर्यतीत असेल तर ‘एम-व्ही-पी’ (मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर) असा पुकारा होतो. पाहुण्या संघाच्या चाहत्यांनी आपल्या अरीनात तो पुकारा सुरू केला, तर हुर्यो उडवून तो बुडवणे हे यजमान प्रेक्षकांचे कर्तव्य समजले जाते.

गर्दीचा खेळावर किती परिणाम होतो याची नकळत परीक्षा २०२० मध्ये झाली. महासाथीमुळे तो हंगाम जुलै ते ऑक्टोबर या काळात ऑर्लँडोजवळ प्रेक्षकांविना पुरा करण्यात आला. पडद्यांवर घरबसल्या चाहत्यांचे चेहरे दाखवले जात आणि आवाज ध्वनिमुद्रित असे. पुढच्या, रिकाम्या किंवा अर्धवट भरलेल्या अरीनांच्या २०२०-२१ च्या हंगामात यजमान संघांच्या विजयाचे प्रमाण नेहमीपेक्षा घसरले. त्यात प्रवास, विश्रांती आणि पंचांवरील दबाव अशी इतर कारणेही गुंतलेली आहेत हे मान्य करूनही, आवाजाचा वाटा नाकारता येणार नाही असे माझे मत आहे.

काही पुकाऱ्यांना इतिहास आहे. ‘बीट एल. ए.’ हा पुकारा मे १९८२ मध्ये बॉस्टन गार्डनमध्ये जन्माला आला, तोही स्वतःच्या संघासाठी नव्हे: बॉस्टन सेल्टिक्स फिलाडेल्फियाकडून निर्णायक सातवा सामना हरत होते, तेव्हा आता निदान तुम्ही तरी अंतिम फेरीत लॉस एंजेलिसला हरवा, असे बॉस्टनच्या प्रेक्षकांनी जिंकणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना ओरडून सांगितले. सॅक्रामेंटोत गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवल्या जातात. लेकर्सचे तत्कालीन प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी त्या शहराला गावंढळ ठरवणारे उद्गार काढले होते. चाहत्यांनी ती निंदा अंगावर दागिन्यासारखी मिरवली. तिथे जाणाऱ्या मराठी प्रेक्षकाला आणखी एका कारणाने जवळीक वाटेल. २०१३ पासून तिथल्या किंग्ज संघाच्या मालकमंडळाचे नेतृत्व मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्याकडे आहे, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातील पहिले दोन सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, ते याच सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात. पहिल्या दिवशी प्रेक्षागृहात सुमारे तीन हजार शाळकरी मुले होती आणि तो सामना जादा वेळेत जाऊन पेसर्सनी १३२-१३१ असा जिंकला.

मर्यादा कुठे आहे

हुर्यो उडवणे, पंचांवर नाराजी व्यक्त करणे, प्रतिस्पर्ध्याचा प्रयत्न बास्केटला शिवलाही नाही तर ‘एअर बॉल’ म्हणून चिडवणे हे सारे चालते. वंश, कुटुंब किंवा शरीरावरून बोलणे चालत नाही. त्यासाठी बाहेर काढले जाते. काहीही फेकणे तर मुळीच चालत नाही. १९ नोव्हेंबर २००४ रोजी डेट्रॉइटजवळच्या पॅलेस ऑफ ऑबर्न हिल्समध्ये एका प्रेक्षकाने पेयाचा पेला रॉन आर्टेस्ट या खेळाडूवर फेकला, तो खेळाडू प्रेक्षकांत घुसला आणि पुढे झालेल्या हाणामारीपायी त्याला हंगामातील उरलेल्या सर्व, म्हणजे प्लेऑफसह ८६, सामन्यांना मुकावे लागले. त्यानंतर लीगने प्रेक्षकांसाठी आचारसंहिता आणली आणि तिसरा क्वार्टर संपल्यावर मद्यविक्री बंद होऊ लागली. नियम सर्वांना लागू आहेत: २०१९ च्या अंतिम मालिकेत कोर्टालगत बसलेल्या, वॉरियर्सच्या मालकीत वाटा असणाऱ्या गृहस्थांनी टोरांटोच्या काइल लाउरीला ढकलले, तेव्हा त्यांना ५ लाख डॉलर दंड आणि एक वर्षाची बंदी झाली.

शेजारचा प्रेक्षक त्रास देत असेल तर वाद घालू नये. प्रत्येक अरीनात तक्रारीसाठी संदेश पाठवण्याचा क्रमांक पडद्यावर दाखवतात. तो फोनमध्ये टिपून ठेवावा. आपल्या बाजूने पाळायचा साधा शिष्टाचार असा की चेंडू खेळात असताना रांगेतून उठू नये आणि परत येताना शिट्टी होईपर्यंत जिन्याच्या वर थांबावे. खालच्या मजल्यावर कर्मचारी तसे थांबवतातच.

मधली करमणूक

टाइमआउट, म्हणजे संघाने मागून घेतलेला छोटा विराम, झाला की नर्तक, शुभंकर, प्रेक्षकांत फेकले जाणारे टी-शर्ट आणि पडद्यावर झळकणारे नाचरे प्रेक्षक यांची गडबड सुरू होते. मुलांना हे फार आवडते. मला त्यातले निम्मे अनावश्यक वाटते. हाफटाइम पंधरा मिनिटांचा असतो आणि तेव्हा खाण्याच्या व स्वच्छतागृहाच्या रांगा सर्वांत लांब असतात, म्हणून दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावरच उठावे. शाकाहारी माणसाची सोय आता बहुतेक ठिकाणी होते, पण पदार्थ महाग आणि बेताचे असतात. पोटभर जेवूनच जावे. हाफटाइमच्या कार्यक्रमात ‘रेड पांडा’ नावाची कलावंत असल्याचे कळले तर मात्र जागा सोडू नये: उंच एकचाकी सायकलवर बसून ती पायावरचे वाडगे उडवते आणि डोक्यावर झेलते.

शेवटची दोन मिनिटे

घड्याळात दोन मिनिटे उरली असली तरी प्रत्यक्षात दहा-पंधरा मिनिटे लागू शकतात. मागे पडलेला संघ मुद्दाम नियमभंग करून घड्याळ थांबवतो, प्रशिक्षक राखून ठेवलेले टाइमआउट वापरतात आणि पंच पडद्यावर चित्रफीत तपासतात. हे रटाळ वाटले तरी इथेच सामने फिरतात. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत सोडत नाहीत, हे मायामीच्या अनेक प्रेक्षकांना १८ जून २०१३ रोजी समजले. अंतिम मालिकेचा सहावा सामना होता, अर्धा मिनिट उरले असताना मायामी हीट पाच गुणांनी मागे होते आणि लोक वाहतूक टाळण्यासाठी निघाले. ५.२ सेकंद बाकी असताना रे अ‍ॅलनने तीन गुणांची बास्केट करून बरोबरी साधली, जादा वेळेत मायामीने १०३-१०० असा विजय मिळवला आणि बाहेर पडलेले लोक बंद दारांवर थापा मारत राहिले. पंचवीस गुणांचे अंतर पडले असेल आणि दोन्ही संघांनी मुख्य खेळाडू बाहेर बसवले असतील, तर मात्र खुशाल निघावे. त्यात कोणाचा अपमान नाही.

सामन्यानंतर

अंतर कमी राहिलेल्या सामन्यानंतर सगळे प्रेक्षक एकदम बाहेर पडतात, म्हणून वीस मिनिटे जागेवरच बसून राहणे सोयीचे असते. सॅक्रामेंटोत किंग्ज जिंकले असतील तर अरीनाच्या माथ्यावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशात सोडला जातो. ही प्रथा २०२२-२३ च्या हंगामात सुरू झाली आणि त्याच हंगामात त्या संघाने सोळा हंगामांच्या खंडानंतर प्लेऑफ गाठला. बाहेरच्या चौकात लोक तो झोत पाहायला थांबतात.

पुन्हा जावेसे वाटले आणि दर परवडत नसतील, तर दोन मार्ग आहेत. एनबीएच्या खालच्या पातळीवरील जी लीगचे सामने लहान सभागृहांत, कमी दरात आणि कोर्टाच्या अगदी जवळून पाहता येतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडी भागात राहणाऱ्यांना सांताक्रूझ वॉरियर्स हा त्यातला सोयीचा संघ. दुसरा मार्ग महिलांच्या डब्ल्यूएनबीएचा. तिचा हंगाम मे महिन्यात, म्हणजे एनबीएचा संपत येतो तेव्हा, सुरू होतो आणि सामना चाळीस मिनिटांचा असतो. तिकडे तिकीट सहज मिळेल असे मात्र आता गृहीत धरू नये: २०२५ मध्ये नव्याने आलेल्या गोल्डन स्टेट व्हाल्कीरीज संघाच्या पहिल्याच हंगामात चेस सेंटरची १८,०६४ तिकिटे घरच्या प्रत्येक सामन्याला संपत होती. वेळापत्रक जाहीर झाल्यावर लवकर नोंदणी करावी आणि त्यातही आठवड्याच्या मधला दिवस निवडावा.